बसेल की बसेन

मी गाडी विकली.

हे वाक्य तुम्ही वाचलं नाही. मीही लिहिलं नाही. गाडी खाली पार्किंगमध्ये उभी आहे, चावी माझ्या खिशात आहे आणि उद्या सकाळी मी तिच्यावरूनच ऑफिसला जाणार आहे. मी कुणाच्या बापाला घाबरत नाही.

आता जे सांगतो ते खरं आहे. माझ्यासोबत घडलंय, मित्राच्या मित्रासोबत नाही. पटत नसेल तर पुढची गोष्ट वाचा. भुताच्या गोष्टींच्या या पेजवर पडक्या विहिरी भरपूर आहेत.

वेळ सकाळची. ऊन डोळ्यांवर. पुलाखालचा सिग्नल, चार रांगांच्या जागेत सात रांगा. भूत म्हटलं की लोक मध्यरात्र धरतात.

माझं भूत ऑफिसच्या वेळा पाळतं.

आधी गाडीबद्दल सांगतो. रोज ऑफिसला जायला काय घ्यायचं यावर घरात एकमत होतं. स्कूटर. आई म्हणाली, "पायापाशी सिलिंडर मावला पाहिजे." ताई शाळेत व्याकरण शिकवते, आणि घरी आली तरी थांबत नाही. ती म्हणाली, "स्पोर्ट्स बाइक? पळायला घ्यायची आणि ट्रॅफिकमध्ये रांगत न्यायची?"

मी स्पोर्ट्स बाइक घेतली. लाल.

रोजच्या ट्रॅफिकसाठी हिच्याइतकी गैरसोयीची गाडी शोधून सापडणार नाही. हँडल इतकं खाली, की चालवणारा पुढच्या रिक्षाच्या पाया पडतोय असं वाटतं. मनगटं दुखतात. सिग्नलला उभं राहिलं की मांड्या शेकून निघतात. यू-टर्नला दोन प्रयत्न आणि एक माफी लागते.

तरी घेतली. कारण तिला मागे सीटच नाही. नुसतं प्लास्टिकचं उतरतं, गुळगुळीत शेपूट.

"मागे कोणी बसलं तर?" मी शोरूमवाल्याला विचारलं.

"घसरेल ना, सर."

"हीच द्या."

याला कारण अकाउंटंट काका. आमच्याच ऑफिसातले. तीन वर्षं माझ्या जुन्या गाडीवर डबलसीट आले. बस आणि टेम्पोच्या मध्ये फट दिसली की मी विचारायचो, "काका, बसेल का?" काका गुडघे आवळून मागून ओरडायचे, "बसेल, बसेल! घाल!" यात माझे दोन आरसे गेले आणि काकांची एक पँट. मग काका रिटायर झाले. मी ठरवलं, आता माझ्या मागे कोणी नको. आयुष्यात नको.

फक्त विचारायची सवय राहिली.

त्या मंगळवारी डावीकडे बस होती, उजवीकडे टेम्पो. मध्ये फट. मी आरशात एक नजर टाकली आणि तोंडातून गेलं,

"बसेल का?"

आणि...

"बसेल."

मागून नाही. हेल्मेटच्या आतून. अगदी कानाला लागून.

पाठोपाठ गाडी मागून दबली. कोणी बसल्यावर दबते ना... तशी.

मी घाबरून गाडी घातली. बसली. त्या दिवशी मी ऑफिसात वेळेवर पोचलो. साहेब माझ्यापेक्षा जास्त घाबरले.

संध्याकाळी सगळ्यात आधी काकांना फोन लावला.

"काका, तुम्ही ठीक आहात ना?"

"ठणठणीत! का रे? नवी गाडी घेतलीस म्हणे. डबलसीट नेते का?"

"नाही."

"अरेरे."

म्हणजे काका नव्हते. मग ताईला सांगितलं. तिने भाजी चिरता चिरता ऐकलं.

"नक्की काय म्हणाला? बसेल की बसेन?"

"बसेल."

"मग तो फटीबद्दल बोलत होता. गाडी बसेल. स्वतःबद्दल असतं तर 'मी बसेन' म्हणाला असता."

"ताई, हल्ली सगळेच 'मी बसेल', 'मी येईल' म्हणतात."

ताईची सुरी थांबली.

"तू विचारताना कुठे बघत होतास?"

"आरशात."

"मूर्खा. तू फटीला नाही विचारलंस. मागे बघून, रिकाम्या जागेला, 'बसेल का' म्हणालास. त्याला वाटलं, तू बसायला बोलावतोयस."

मी विचारणं बंद केलं. काही फरक पडला नाही. रोज त्याच सिग्नलला गाडी दबायची. एवढ्या उन्हात पाठीवर एक गार पट्टा यायचा. आणि न विचारता...

"बसेल."

रोज फट आदल्या दिवसापेक्षा अरुंद. रोज गाडी बसायची. माझी बोटं सोलवटून निघत होती.

एका सकाळी शेजारच्या स्कूटरवरच्या बाई म्हणाल्या, "दादा, मागच्यांना पाय वर घ्यायला सांगा. रस्त्याला घासतायत."

मी वळून पाहिलं. शेपूट. बस्स.

बाईंनीही पुन्हा पाहिलं... आणि लाल सिग्नल तोडून निघून गेल्या.

"वीक ती गाडी," ताई म्हणाली. "एक दिवस तो 'बसेल' म्हणेल आणि तू बसणार नाहीस."

म्हणून शुक्रवारी मी ती ऑफिसातल्या शेजारच्या टेबलवाल्याला विकली. सोमवारी त्याने चावी माझ्या कीबोर्डवर आणून ठेवली.

"तू म्हणालास सिंगल सीट आहे."

"आहे."

"मग तो तुझी चौकशी का करत होता?"

तेव्हापासून तो बसने येतो. उभा राहून. शेजारी जागा रिकामी असली तरी बसत नाही.

इथे माझं डोकं फिरलं. गाडी माझी. मनगटं माझी. सिलिंडर खांद्यावरून आणतो तोही मीच. आणि उतरायचं मी? का म्हणून?

मंगळवारी पुन्हा तोच सिग्नल. डावीकडे पाण्याचा टँकर, उजवीकडे दुभाजक. मधली फट माझ्या हँडलपेक्षाही लहान. आंधळ्यालाही कळलं असतं.

गाडी दबली.

"बसेल."

"नाही बसणार," मी म्हणालो.

"बसेल..."

खांद्यांवर दोन्ही बाजूंनी काहीतरी गार टेकलं. ब्रेक आवळलेला असताना गाडी पुढे सरकली. वीतभर. मग अजून वीतभर.

मी हेल्मेटची काच वर केली आणि भर ट्रॅफिकमध्ये ओरडलो.

"उतर! सीट नाहीये इथे! मागे कोणी नको म्हणून तर ही घेतली! आईचं ऐकलं नाही, ताईचं ऐकलं नाही, तुझं काय ऐकणार? 'बसेन' आणि 'बसेल' यातला फरक कळत नाही आणि मला रस्ता शिकवतोस?"

आणि लाथ मारून साइड स्टँड पाडला.

या गाडीचं एक बरं आहे. गिअरमध्ये असताना स्टँड पडला की इंजिन बंद. ती जागच्या जागी मेली. मागे सगळ्या जगाचे हॉर्न सुरू झाले.

तेवढ्यात टँकर उजवीकडे सरकला. सावकाश, शांतपणे, दुभाजकाला चिकटेपर्यंत. दुभाजकाचा पिवळा रंग त्याच्या पत्र्यावर उमटला.

फट होती तिथे हवाही उरली नाही.

खांदे हलके झाले. आणि हेल्मेटमध्ये, थोडंसं नाराज होऊन...

"बसलं असतं."

ट्रॅफिक पोलीस शिट्टी वाजवत आला. "गाडी बाजूला घे! आणि तो कुठे गेला?"

"कोण, साहेब?"

"तुझ्या मागचा. हेल्मेट नव्हतं त्याच्याकडे."

"साहेब, मागे सीट कुठे आहे?"

त्याने शेपटाकडे पाहिलं. बराच वेळ. मग माझ्याकडे न बघता म्हणाला, "पुढच्या वेळी दोघांनी हेल्मेट घालायचं," आणि झपाझप चौकाच्या दुसऱ्या टोकाला गेला.

घरी ताईला सगळं सांगितलं. ती एकाच शब्दावर अडली.

"बसलं असतं? गाडी स्त्रीलिंगी. 'बसली असती' पाहिजे. 'बसलं' म्हणजे नपुंसकलिंगी काहीतरी."

"त्याचं व्याकरण कच्चं आहे, ताई."

ताईने उठून माझ्यासाठी पाणी आणलं. ती कधीच आणत नाही.

अंथरुणावर पडल्यावर मला कळलं.

प्रेत. माझं प्रेत. नपुंसकलिंगी.

त्याचं व्याकरण पहिल्यापासून बरोबर असेल, तर तो नक्की कशाबद्दल काय बोलत होता, हे मला आता ताईला विचारायचं नाही.

आज सुट्टी. सकाळी पार्किंगमध्ये गाडीवर धूळ होती. सगळीकडे. फक्त शेपटावर, मधोमध... स्वच्छ.

मी तिथे फडकं मारलं नाही. गाडी विकणार नाही. रस्ता बदलणार नाही. स्कूटर तर अजिबात घेणार नाही. फट मी माझ्या डोळ्यांनी बघेन. 'बघेन'. 'बघेल' नाही.

फक्त तो पोलीस उद्याही तिथे असेल, म्हणून हे आत्ताच लिहून ठेवतो.

प्रति, वाहतूक शाखा. विषय: मागील इसमाच्या हेल्मेटबाबत. सदर वाहन एक आसनी असून मागील इसम अर्जदाराच्या संमतीशिवाय बसलेला आहे. तरी सदर इसमास, तो हयात नसल्याची खात्री करून, हेल्मेट वापरण्यापासून कायमस्वरूपी सूट मिळावी, आणि खात्री करण्यासाठी आपल्या कर्मचाऱ्याने एक दिवस अर्जदाराच्या जागी बसून सदर वाहन चालवावे, ही नम्र विनंती.