बुटांची अकरा चित्रं

विश्वास ठेवा नाहीतर ठेवू नका, पण हे घडलेलं आहे. वॉल्टर लिंडक्विस्ट हे आमचे इथले, अमेरिकेतले शेजारी. अकरा वर्षांत त्यांच्या तोंडून मी एक थाप ऐकली नाही. ती चित्रंही मी या डोळ्यांनी पाहिली आहेत.

फेब्रुवारी १९७१. थायलंडमधला अमेरिकन हवाई तळ.

व्हिएतनामचं युद्ध चालू होतं. वॉल्टर हवाई दलासोबत गेलेले चित्रकार. तोफा लावलेल्या विमानातून रात्री जायचं आणि सैनिकांची चित्रं काढायची. आत दिवा लावायची बंदी. हाताच्या अंदाजाने काढायचं, काय उमटलं ते सकाळी पाहायचं.

मागच्या उघड्या दारात डेल हचिन्स पालथा पडलेला असायचा. वीस वर्षांचा पोरगा. कमरेला पट्टा, डोकं बाहेर. खालून गोळे येताना दिसले की ओरडायचा, "उजवीकडे!" आणि विमान वळायचं.

"ओ चित्रकारसाहेब, नुसते बूटच काढताय माझे! आई काय बुटांचा मुका घेणार?"

"उद्या खाली बसवून तोंड काढतो रे तुझं."

"उद्या नक्की हं. तिला पत्रात कळवून टाकलंय मी."

दुसऱ्या दिवशी वॉल्टर तापाने फणफणले आणि तळावरच राहिले.

त्या रात्री डेल ओरडला. विमान वळलं. तेरा जण सुखरूप परतले.

डेल गेला. गोळ्याचा तुकडा थेट तोंडावर लागला होता.

महिन्याने त्याच्या आईचं पत्र आलं. 'शवपेटी उघडू दिली नाही हो. त्याचा चेहरा काढला असेल तर तेवढा पाठवा.'

वॉल्टरकडे बुटांची अकरा चित्रं होती. डोळे मिटून पाहिलं, तरी चेहरा आठवेना. ते ढसाढसा रडले.

आणि पुन्हा विमानात गेले.

दारात आता नवा माणूस पालथा पडला होता. मिट्ट काळोख. वॉल्टरनी पेन्सिल टेकवली...

वहीची खालची कड कुणीतरी धरली...

हलू नये म्हणून धरावी, तशी घट्ट.

नवा माणूस आठ फुटांवर होता. बाकी सगळे पुढे.

सकाळी वही उघडली. कागदावर डेल होता. भुवईवर व्रण. मान वळवून तो आत बघत होता, थेट वॉल्टरकडे. तोंड उघडं...

आईचं उत्तर आलं. 'तोच आहे. लहानपणी कुंपणाची तार लागली होती, तो व्रण. चित्र उशाशी घेऊन झोपते. पण तो काय ओरडतोय हो?'

वॉल्टरनी लिहिलं, 'हसतोय तो.'

त्यांची एवढी एकच थाप.

'उजवीकडे' तर तो बाहेर बघून ओरडायचा. मग आत वळून काय म्हणत होता?

मी एकदा विचारलं. त्यांनी बुटांची चित्रं एकेक करून आवरून ठेवली. मी उठले आणि सवयीने म्हणाले, "बरं, उद्या येते."

त्यांनी माझा हात धरला.

"उद्या नको म्हणूस, पोरी. आत्ताच बस थोडी."