आधी आवाज, मग स्फोट

“मेलीस!” वकील ओरडला.

“छे! मी...”

तेवढ्यात टिटवीच्या डोळ्यांसमोर यानाच्या ठिकऱ्या उडाल्या!

तिचा हात जॉयस्टिकवरच थिजला. वकील मशीनकडे पाठ करून, भिंतीला नाक लावून उभा होता. त्याला पडदा दिसतच नव्हता. मग ती मेल्याचं तिच्याआधी त्याला कळलं कसं?

“परत खेळ,” तो भिंतीला सांगितल्यासारखा म्हणाला.

दुसऱ्यांदा तेच. “मेलीस!” आणि पापणी लवायला लागतो तेवढ्या वेळानं यान फुटलं. तिसऱ्यांदाही तेच!

“मला घरी जायचंय,” भोपळा म्हणाला. भोपळा म्हणजे टिटवीचा धाकटा भाऊ, वय वर्षं नऊ. बिचाऱ्याला गणितात शून्य एकदाच मिळालं होतं, नाव मात्र जन्माचं चिकटलं. वकील हा त्यांचा मावसभाऊ. सूर्य पूर्वेला उगवतो म्हटलं तरी पुरावा मागणारा! तिघंही सुट्टीला मामाकडे आली होती.

दुपारचे दोन वाजले होते. बाहेर लख्ख ऊन होतं, पण व्हिडिओ गेमच्या या खेळघरात जाड पडदे ओढलेले. बंद पडलेली मशिनं पांढऱ्या चादरी पांघरून ओळीनं उभी होती, जणू कुणाची तरी वाट बघत. एकटं ‘उल्का’ तेवढं कोपऱ्यात जागं होतं. त्याच्या काळसर काचेत टिटवीला स्वतःचाच चेहरा दिसत होता, आणि त्या चेहऱ्यातून उडत्या तबकड्या सावकाश खाली उतरत होत्या.

“सांगितलं होतं ना मी?” टोकनवाले काका दारातूनच कुजबुजले. उंबरठ्याच्या आत ते पाऊल टाकत नव्हते. “थंडीपासून हे असंच चाललंय. आवाज आधी, मग स्फोट. आत कुणीतरी आहे रे बाळांनो. तुमच्या एक पाऊल पुढे खेळतंय ते.”

टिटवीच्या अंगावर सर्रकन काटा आला. पण भीतीपेक्षाही मोठी काळजी तिला दुसरीच होती. मामा!

मामा घड्याळजी. गेली तीस वर्षं दुकान बंद केलं की संध्याकाळी तो इथे यायचा आणि ‘उल्का’मध्ये एक टोकन टाकायचा. एकच! त्यावर अर्धा अर्धा तास खेळायचा. “यात एवढी मजा काय रे मामा?” असं टिटवीनं मागच्या सुट्टीत विचारलं होतं.

“हे मशीन खरं बोलतं, ही मजा,” तो म्हणाला होता. “बोट दाबलं की त्याच क्षणी गोळी सुटते. तबकडी येण्याआधी हाक देते. टुंकटुंक झालं की तिरकी येणार, भोंऽऽ झालं की थेट अंगावर! जितक्या कमी उरतील तितक्या जोरात पळतात, म्हणजे श्वास घ्यायलाही फुरसत नाही. आणि मेलो, तर चूक माझी, मशीनची नाही. म्हणून तर मेल्यावर हसू येतं आणि हात पुन्हा बटणाकडे जातो.”

तोच मामा थंडीपासून हरायला लागला. दोन मिनिटांत खेळ खलास! महिनाभर त्यानं रोज प्रयत्न केला आणि मग खेळघराची वाटच सोडली. “हात मंदावले माझे,” तो म्हणायचा. “खेळात बोट उशिरा पोचतंय. मग लोकांच्या घड्याळातल्या केसाएवढ्या स्प्रिंगला कोणत्या तोंडानं हात लावू?” भेटेल तो म्हणे, “वय झालं हो आता.” मामालाही ते पटलं. परवा सकाळी तो आपली हत्यारांची पेटी कोपऱ्यावरच्या बॅटऱ्या विकणाऱ्या पोऱ्याला देऊन टाकणार होता आणि दुकानाला कायमचं कुलूप लावणार होता!

“मला हसू नाही आलं,” टिटवी एकदम म्हणाली.

“आँ?”

“तीनदा मेले मी. एकदाही हसू आलं नाही. राग आला, कुणीतरी फसवल्यासारखा.”

“राग हा पुरावा होत नाही,” वकिलानं लगेच मुद्दा मांडला. “पण आवाज होतो. आवाज आणि चित्र यांची फारकत झाली आहे, एवढं नक्की!”

“कोण तिकडे?” मागून आवाज घुमला आणि भोपळ्यानं चक्क एका चादरीखाली बुडी मारली. खेळघराचे मॅनेजर आले होते. “भुताच्या कंड्या तुम्ही पिकवताय होय? बाहेरची पाटी वाचता येते ना? ‘तीस वर्षांपूर्वीचं अस्सल मशीन, स्क्रूसुद्धा बदललेला नाही!’ नाचता येईना अंगण वाकडं! तुमच्या मामांकडून शिका जरा. हरले, तर गुपचूप घरी बसले.”

टिटवीच्या कानशिलांत रक्त चढलं. वकील मात्र अगदी नम्रपणे म्हणाला, “काका, मशीन उघडून दाखवता का?”

“किल्ली... हरवली आहे,” मॅनेजर म्हणाले आणि तरातरा निघून गेले. कमरेचा किल्ल्यांचा जुडगा पार दरवाजापर्यंत खुळखुळत होता!

मामाच्या घरात पाऊल टाकताना आता टिटवीला नको वाटायचं. पूर्वी इथं चाळीस घड्याळं एकदम बोलायची. हल्ली मामा त्यांना किल्ली देत नव्हता. एकेक करून सगळी थांबली होती. कुठे सव्वातीन, कुठे पावणेनऊ. जेवायच्या खोलीत बसलं की भिंतीवरून चाळीस चेहरे मुकाट्यानं बघत आहेत असं वाटायचं.

मामा पलीकडच्या खोलीत खिडकीशी बसून एकेक चिमटा फडक्यात गुंडाळत होता. एखाद्याला अखेरचं निजवावं, तसा.

“मामा, त्या ‘उल्का’त काहीतरी गडबड आहे,” टिटवी म्हणाली. “आम्ही आज...”

“नको गं राणी.” तो वरही बघेना. “समजूत घालणारे पुष्कळ भेटले. मशीन खोटं बोलत नाही.”

मामा जेवायलाही उठला नाही. जेवताना कुणीच बोलेना, म्हणून भोपळ्यानं टीव्हीचा रिमोट उचलला. “मामी, हा टीव्ही नवा घेतलास?”

“थंडीत घेतला. टीव्हीवाल्यानं एकासारखे एक असे दोन आणले होते. एक आपल्याला आणि दुसरा खेळघराला. इतका घाईत होता, की चहालासुद्धा थांबला नाही.”

वकिलाचा घास हातातच राहिला.

“खेळघरात टीव्ही आहे कुठे?”

तिघांनी डोळे मिटून खेळघर आठवलं. पडदे, चादरी, टोकनची खिडकी. टीव्ही एकाही भिंतीवर नव्हता!

“काळी काच!” टिटवी पुटपुटली. “त्या काचेमागे काहीही ठेवा, कोणाला दिसणार?”

“मग बरोबर!” भोपळा एवढ्या जोरात ओरडला, की मामीच्या हातून पळी पडली. “माझा मित्र टीव्हीवर गेम खेळतो ना, तो आधी ‘गेम मोड’ लावतो! नाहीतर टीव्ही चित्राला नटवत बसतो आणि मग दाखवतो. बटण आत्ता दाबलं, तर गोळी नंतर दिसते!”

“आणि आवाज मशीनच्या पोटातून थेट येतो,” वकील म्हणाला. “म्हणून तो आधी! भोपळ्या, आज तुला पैकीच्या पैकी!”

“चला, मामाला सांगू या!” भोपळा उठलाच.

“थांबा,” टिटवी हळूच म्हणाली. पलीकडच्या खोलीतल्या मामाच्या वाकलेल्या पाठीकडे तिनं पाहिलं; एवढ्या आरड्यातही त्यानं मान वर केली नव्हती. “आपण सांगितलं तर त्याला वाटेल, हीसुद्धा समजूतच. त्याच्या हातांनीच त्याला सांगायला हवं.”

दुसऱ्या दिवशी सकाळी तिघांनी मामाला अक्षरशः ओढत खेळघरात नेलं. मामीही मागोमाग निघाली. “निरोपाचं एक टोकन, मामा! आमच्यासाठी!” या हट्टापुढे त्याचं काही चाललं नाही. पण मशीनसमोर उभा राहिला आणि त्याचा चेहराच उतरला. टिटवीनं मामीची काळी शाल काढली आणि पडद्यावर टाकून काच पार झाकून टाकली.

“हा काय चावटपणा?”

“डोळे नकोत, मामा. नुसतं ऐक. तुला सगळं पाठ आहे.”

“आंधळ्यानं गाडी हाकायची म्हणतेस?”

“एकदाच!”

मामानं उसासा टाकला आणि बटण दाबलं.

खोलीत अंधार आणि कोपऱ्यात शालीखाली गुरगुरणारं मशीन. टुंकटुंक! मामाचा हात डावीकडे सरकला. ठो! टुंकटुंक! ठो, ठो! कुठंतरी न दिसणारं काहीतरी फुटत होतं आणि न दिसणारं काहीतरी अंगावर येत होतं. भोंऽऽ! टिटवीनं श्वास रोखला. मामा बोटभर उजवीकडे सरकला. धडाम!

“मेला?” भोपळ्यानं घाबरून विचारलं.

“त्या मेल्या,” मामा म्हणाला. त्याचा आवाज बदलला होता.

तबकड्यांची लय वाढत गेली. टुंकटुंकटुंक! मान कलती करून, डोळे मिटून मामा ऐकत होता. नादुरुस्त घड्याळ कानाशी धरल्यावर व्हायचा, तसाच त्याचा चेहरा झाला होता. बोटं तर दिसतही नव्हती इतकी भरभर चालत होती! पाच मिनिटं गेली. आठ गेली. आवाज ऐकून दारातून शिरलेली गल्लीतली मुलं चादरींच्या आडून पुढे सरकली. टोकनवाले काका उंबरठा ओलांडून आत आले, ते त्यांचं त्यांनाही कळलं नाही.

शेवटी मशीननं हुंदका दिल्यासारखा आवाज केला. खेळ संपला. टिटवीनं शाल ओढली. आकडा बघून मुलांनी एकच गिल्ला केला.

“अरे वा! चमत्कार!” गलका ऐकून आलेले मॅनेजर म्हणाले. “बघा, आमचं अस्सल मशीन!”

मामाला काहीच ऐकू येत नव्हतं. “डोळे झाकून बारा मिनिटं,” तो पुटपुटला. “मग उघड्या डोळ्यांनी मी दोन मिनिटांत का मरत होतो?”

“कारण डोळ्यांना खोटं दिसत होतं, मामा. कानांना खरं ऐकू येत होतं. भोपळ्या, दाखव!”

भोपळ्यानं खिशातून मामीच्या टीव्हीचा रिमोट काढला, तीस वर्षांपूर्वीच्या त्या अस्सल मशीनवर रोखला आणि बटण दाबलं.

तबकड्यांच्या मधोमध हिरवी पट्टी उमटली. *आवाज : बारा. तेरा. चौदा.*

हशाचा असा काही स्फोट झाला म्हणता! “भुताचा रिमोट!” कुणीतरी ओरडलं. मॅनेजरांच्या तोंडचं पाणी पळालं.

“जुना पडदा थंडीत जळला हो,” ते कसेबसे म्हणाले. “टीव्हीवाल्यानं घाईघाईत हा बसवून दिला. पाटी तर आधीच रंगवलेली. म्हटलं, कोणाला कळतंय! आणि... लाज वाटली सांगायची.”

आता मामा चिडणार, असं टिटवीला वाटलं. पण तो हळू आवाजात बोलला.

“पडदा बदललात त्याचं काही नाही. जुनी वस्तू बिघडायचीच. पण सांगितलं असतंत तर... सगळी थंडी नि निम्मा उन्हाळा मी माझ्याच हातांकडे चोराकडे बघावं तसा बघत होतो. रात्री पांघरुणाबाहेर काढायचीसुद्धा लाज वाटायची त्यांची.”

मॅनेजरांनी मान खाली घातली. ते बाहेर गेले आणि परतले, तेव्हा ती पाटी त्यांच्या काखेत होती. “माफ करा मला,” ते म्हणाले. मग कमरेची किल्ली सोडून त्यांनी ती मुलांपुढे धरली. “हरवली नव्हती.”

भोपळ्यानं रिमोटवरून ‘गेम मोड’ लावला. वकील पुन्हा भिंतीला नाक लावून उभा राहिला. टिटवी मुद्दाम एका तबकडीवर जाऊन आदळली.

“मेलीस!”

“मेले!” दोघंही एकदमच ओरडली. आवाज आणि स्फोट एकत्र!

“म्हणजे आत कोणी नव्हतंच?” टोकनवाले काका कपाळावरचा घाम पुसत म्हणाले. “आणि मी थंडीपासून दारातच उभा! पोरांनो, तुम्ही माझ्यासारख्या बाप्याला लाजवलंत.”

मामीनं तिघांच्या पाठीवरून हात फिरवला. “बाकीच्यांनी नुसती समजूत काढली,” ती म्हणाली. “मीसुद्धा. त्याच्या हातांवर विश्वास ठेवलात तो तुम्ही तिघांनी.”

पण मामा कुठे होता? तो केव्हाच मशीनसमोर उभा राहिला होता, डोळे टक्क उघडे ठेवून. तबकड्या वेड्यासारख्या पळत होत्या आणि तो त्यांच्यामधून पाण्यातल्या माशासारखा सुळकन निसटत होता. मुलं टाळ्या पिटत होती. आणि ऐन रंगात आलेला खेळ सोडून त्यानं अचानक टिटवीचा हात धरून जॉयस्टिकवर ठेवला.

“हे काय? मामा, अजून तीन जीव बाकी आहेत तुझे!”

“तुम्ही वापरा,” दाराकडे निघालेला मामा बाह्या सरसावत म्हणाला. “मला दुकान उघडायचंय.”