तुमचा मनोरा, आमचा मनोरा

छत्रीची काडी त्याच्या भुवईला लागली, तेव्हा दिलेत्ता माफी मागायच्याच बेतात होती. पण तो आधी बोलला आणि तिचा बेत फिरला.

"मिट ती. वर छप्पर आहे."

होतं खरं. इटलीतल्या बोलोन्यातले रस्ते कमानींच्या ओसऱ्यांखालून जातात. बाहेर कितीही कोसळो, माणूस घरापासून स्टेशनापर्यंत कोरडा पोचतो. तिथे छत्री बाळगतो तो परगावचा, आणि ओसरीखालीही ती उघडी धरतो तो...

"पिसाची ना तू?" भुवई चोळत त्याने विचारलं.

"कशावरून?"

"हेलावरून. आणि रागावरून."

त्याचं नाव ओरेस्ते. कायद्याचा विद्यार्थी. कोटाची दोन बटणं तुटलेली, आणि डोळे असे की बोलता बोलता समोरच्याला आपलंच वाक्य विसरायला व्हावं. दिलेत्ता तीन दिवसांसाठी आली होती, मावसबहीण मार्झियाकडे. मार्झियाचं बाळ दोन महिन्यांचं, त्यामुळे गाव बघायचं ते एकटीने.

"एकटीने कशाला," ओरेस्ते म्हणाला. "मी आहे की. आठ वर्षं याच गावात शिकतोय."

आठ हा आकडा ऐकूनच तिने सावध व्हायला हवं होतं.

दोन दिवसांत त्याने तिला एकही गोष्ट धड पूर्ण दाखवली नाही. दोघं जुन्या ग्रंथालयाकडे निघाली की वाटेत कॉफी, मग कॉफीवाल्याशी गप्पा, मग दारावर कुलूप. कालव्यावरच्या छोट्या खिडकीची गोष्ट त्याने इतकी रंगवून सुरू केली की ती श्वास रोखून ऐकत राहिली — आणि ऐन मध्यावर त्याला कुणी ओळखीचं भेटलं. तिच्या वहीतली यादी होती तेवढीच राहिली.

"तुझं काहीतरी पूर्ण होतं का रे कधी?" चौकातल्या मोठ्या चर्चसमोर ती शेवटी म्हणाली.

त्याने मान वर केली. चर्चची दर्शनी भिंत खाली संगमरवरी, वर उघड्या विटा. "ही बघ. सहाशे वर्षं अर्धी आहे. हिच्यावर कुणी ओरडत नाही."

"तू चर्च नाहीस."

"आणि तुमचा मनोरा तरी कुठे सरळ आहे?"

तिला हसू आलं, आणि हसू आलं म्हणून जास्तच राग आला. पायऱ्या उतरताना त्याने हात पुढे केला. तिने धरला... आणि पायऱ्या संपल्यावरही कितीतरी वेळ दोघांपैकी कुणी तो सोडला नाही.

त्या रात्री मार्झिया बाळाला खांद्यावर थोपटत म्हणाली, "आवडलाय तुला."

"आवडलाय म्हणून तर डोकं उठलंय. शेवटची एक परीक्षा राहिलीये म्हणे. पाचदा दारापर्यंत जाऊन परत आलाय. असल्या माणसाची वाट बघत मला म्हातारी व्हायचं नाही. उद्या सहाची गाडी आहे. तोपर्यंत तोंड उघडलं तर उघडलं. नाहीतर विषय संपला."

"हळू बोल, आत्ता झोपलाय."

रविवारी गावातल्या उंच मनोऱ्याची दोन तिकिटं काढलेली होती. तेव्हा त्यावर चढता यायचं. ओरेस्ते चक्क वेळेवर आला. दारापर्यंत आला, आणि उंबऱ्याशी थांबला.

"तू जा. मी खाली थांबतो."

"का?"

"पदवीच्या आधी जो हा मनोरा चढतो, त्याला पदवी मिळत नाही. इथली कुठलीच मुलं चढत नाहीत."

"आणि आठ वर्षं न चढून तुला काय मिळालं?"

तो हळूच म्हणाला, "तू चढलीयेस तुमच्या वाकड्यावर?"

दिलेत्ताने पर्सची चेन उघडली, बंद केली. पिसाच्या विद्यार्थ्यांनाही तोच शाप आहे. पाच वर्षं ती त्या मनोऱ्याच्या सावलीतून रोज वर्गात जात होती. "माझं वेगळं आहे. डिसेंबरात माझा प्रबंध आहे."

"म्हणजे नाही."

"म्हणजे... नाही."

मग मात्र दोघं हसत सुटली. तिकीटवाला कंटाळून म्हणाला, "चढणार त्यांनी चढा, लग्नाच्या गप्पा बाहेर." ओरेस्तेचे कान लाल झाले.

पाचशेला दोन कमी इतक्या लाकडी पायऱ्या. वर पोचताच तिने त्याला फोन लावला.

"काय दिसतं?" त्याने विचारलं. आवाज वेगळाच होता. याने आपलं गाव वरून कधी पाहिलेलंच नाही, हे तेव्हा तिच्या लक्षात आलं.

मग ती सांगत राहिली. सगळी कौलं लाल आहेत, पण एकसारखी लाल नाहीत. ओल्या कौलांचा रंग बिटासारखा झालाय. एका गच्चीवर एक बाई चादर झटकतेय. पलीकडे डोंगर आहेत, आणि धुकं त्यांच्या कमरेपर्यंतच आलंय. आणि खाली दोन बटणं तुटलेला एक कोट उभा आहे.

तो म्हणाला, "दिलेत्ता, खाली ये. एक सांगायचंय."

ती पायऱ्या जवळजवळ धावतच उतरली. समोर उभी राहिली. त्याने तोंड उघडलं.

"तोर्तेल्लिनी खाऊया? माझी आत्या रविवारी ताज्या करते."

आत्याच्या तोर्तेल्लिनी, सारण भरलेल्या इवल्या पास्त्याच्या गुंडाळ्या, उत्तम होत्या. दिलेत्ताला एकीचीही चव लागली नाही.

सहाला पाच कमी असताना फलाटावर तो पुन्हा म्हणाला, "दिलेत्ता, मी..."

"बोल."

"मी..." दारं मिटायची शिट्टी झाली. त्याने घाईने हात पुढे केला. "छत्री. विसरत होतीस."

तिने छत्री जवळजवळ हिसकावून घेतली. वाटेतलं फिरेंझे स्टेशन येईपर्यंत ती खिडकीबाहेर बघत होती आणि मनातल्या मनात त्याला रेडा म्हणत होती, बैल म्हणत होती, आणि शेवटी नुसतंच ओरेस्ते.

सहा आठवडे काही नाही. मग नोव्हेंबरातल्या एका लख्ख दुपारी फोन वाजला.

"कुठे आहेस?"

"ग्रंथालयात. प्रबंध आहे माझा, काहींना तो लिहावाही लागतो."

"बाहेर ये. मनोऱ्यापाशी. मी वर आहे."

"कशाच्या वर?"

"तुमच्या वाकड्याच्या. तुमचा शाप तुम्हाला, मला काय त्याचं." वाऱ्याने त्याचा आवाज फाटत होता. "गर्दीत दिसत नाहीस. छत्री उघड."

"ऊन आहे इथे."

"उघड ना."

लख्ख उन्हात, हिरवळीवर, शंभर माणसांच्या मध्ये तिने नेहमी बरोबर असणारी छत्री उघडली. एका छोट्या मुलीने आईला बोट करून दाखवलं.

"दिसलीस," तो म्हणाला. "गुरुवारी परीक्षा दिली. तीसपैकी अठरा."

"काठावर."

"काठावर. एक कमी असता तर गेलो होतो. आता प्रबंध तेवढा राहिला. बरं... उतरलो की तुला एक—"

"नाही. वर आहेस तोवरच बोल. खाली आलास की आत्याच्या तोर्तेल्लिनी काढशील."

तिने छत्री या हातातून त्या हातात घेतली.

"ओरेस्ते, हात दुखतोय माझा."

"तू मला फार आवडतेस," तो म्हणाला. "भुवईला लागलं तेव्हापासून. माझ्याशी लग्न... नाही, ते पदवीनंतर विचारतो. पण आवडतेस. पूर्णविराम. आठ वर्षांत मी पूर्ण केलेलं हे पहिलंच वाक्य आहे."

दिलेत्ताने छत्री मिटली. "लवकर उतर. जीव घेतलास माझा."

आणि ती मनोऱ्याच्या दाराशी गेली. पहिल्या पायरीच्या अलीकडे, वीतभर अंतर सोडून उभी राहिली. डिसेंबरला अजून तीन आठवडे होते.