दहाव्या फायनलला

चेहऱ्याला ओढणी गुंडाळून, वर गॉगल चढवून देवश्री चिटणीस शहरातल्या फ्रीगंज भागातल्या फिजिओथेरपीच्या दवाखान्यात शिरली, तेव्हा आपल्याला कोणी ओळखणार नाही अशी तिची खात्री होती. पण चेहरा झाकता येतो. सहा फूट एक इंच उंची कुठे झाकणार?

"नमस्कार, सेंटर," कोपऱ्यातल्या खुर्चीतून आवाज आला.

ती जागीच थबकली. सेंटर ही तिची कोर्टवरची जागा, बास्केटखाली खेळणाऱ्या सगळ्यात उंच मुलीची. खांद्याला शेकाची पिशवी धरून बसलेला तो माणूस तिला चांगलाच माहीत होता. यशोधन दामले, देवासच्या कॉलेजच्या बास्केटबॉल टीमचा सहायक कोच. गेली दोन वर्षं फायनल हरल्यावर न चुकता येऊन तिच्या टीममधल्या एकेकीशी हात मिळवून जाणारा.

"तुम्ही इथे काय करून राहिलात?"

"खांदा शेकतोय. आणि तुम्ही..." त्याची नजर तिच्या आखडलेल्या डाव्या गुडघ्यावर गेली आणि तशीच भिंतीवरच्या कॅलेंडरवर सरकली. "मी काही पाहिलं नाही."

"पाहिलंत."

"हो," तो म्हणाला. "पाहिलं."

देवश्रीचं कॉलेज सलग नऊ वर्षं विद्यापीठाचं चॅम्पियन होतं. ऑफिसबाहेरच्या भिंतीवर नऊ फोटो लागले होते, शेवटच्या तिन्हींत मधोमध ती. दहावी फायनल तीन आठवड्यांवर आली होती. तिच्या गुडघ्यातली गादी फाटली आहे हे डॉक्टर आणि आई सोडून कोणालाच माहीत नव्हतं. तिच्या कोचसरांनासुद्धा नाही. आणि आता हे समोरच्या टीमच्या माणसाला कळलं होतं. 'तिला डावीकडून धरा,' एवढंच त्याने आपल्या मुलींना सांगितलं की संपलं.

"सांगणार तुमच्या मुलींना?" तिने विचारलं.

त्याने खांद्यावरची पिशवी उलटी करून ठेवली. "खरं सांगू? अजून माहीत नाही."

तिला राग आला. पण घरी जाताना स्कूटीवर तिच्या मनात आलं, दुसऱ्या कोणी तोंडावर गोड बोलून 'छे, छे' म्हटलं असतं.

मंगळवार आणि शुक्रवार, चार वाजता. दोघांची वेळ एकच निघाली. पहिल्या आठवड्यात ती त्याच्याकडे पाठ करून बसली. दुसऱ्या आठवड्यात तो म्हणाला, "तुमची मराठी मला फार आवडते. 'करून राहिलात.' आमच्या सोलापुरात असं कोणी बोलत नाही."

"तर मग सोलापुरातच राहायचं ना. कोणी बोलावलं होतं?"

"नोकरीने." मग जरा थांबून, "आता वाटतं, बरं केलं."

देवश्रीने ओढणी सारखी केली. ती सरळच होती.

त्या दिवशी दोघं टॉवर चौकात साबुदाण्याची खिचडी खायला थांबले. जानेवारीचं उतरतं ऊन, हातात गरम द्रोण, आणि तो मान उंच करून तिच्याशी बोलत होता.

"मान दुखत नाही?" तिने मिश्कीलपणे विचारलं.

"सवय होतेय." मग त्याने अगदी सहज विचारलं, "हरलात तर काय होईल?"

हे तिला आजवर कोणी विचारलंच नव्हतं. द्रोणातली खिचडी चमच्याने इकडची तिकडे करत ती म्हणाली, "माहीत नाही. जिंकल्यावर काय होतं ते सांगू? आनंद नाही होत. फक्त सुटल्यासारखं वाटतं. बस... आणखी एक वर्ष निभावलं."

त्याने समजावलं नाही, धीर दिला नाही. आपल्या द्रोणातले शेंगदाणे मात्र एकेक करून तिच्या द्रोणात टाकले. त्या रविवारी सराव करताना आपण मंगळवारची वाट बघतोय हे देवश्रीच्या लक्षात आलं, आणि तिचे दोन सोपे बास्केट चुकले.

फायनलच्या दुपारी स्टेडियम भरून गेलं होतं. कोर्टवर उतरताच तिने देवासच्या बेंचकडे पाहिलं. यशोधन तिथे नव्हता.

खेळ सुरू झाला. समोरच्या मुली तिला समोरूनच भिडत होत्या. डाव्या बाजूला मुद्दाम कोणी येत नव्हतं. म्हणजे त्याने सांगितलं नव्हतं. शेवटच्या क्वार्टरला रिंगवरून उसळलेला रिबाउंड उडी मारून घेऊन ती खाली आली आणि गुडघ्यातून कळ थेट डोक्यात गेली. आठ मिनिटं बाकी होती, टीम एका गुणाने पुढे.

तिने हात वर केला. "सर, मला बसवा. महिनाभर लपवून ठेवलं, माफ करा. बेंचवरच्या श्रुतीला घ्या."

सरांनी तिच्या गुडघ्याकडे पाहिलं आणि तिच्या पाठीवर हात ठेवला. श्रुती जिवाच्या आकांताने खेळली. टीम तीन गुणांनी हरली.

आपल्याला रडू येईल असं देवश्रीला वाटलं होतं. त्याऐवजी छातीवरचं काहीतरी जड कोणी उचलून घेतल्यासारखा एक लांब श्वास आला. देवासच्या मुली एकमेकींच्या गळ्यात पडून रडत होत्या. "दामले सर कुठायत?" म्हणून ओरडत होत्या. तिनेही मान वर करून पाहिलं... आणि तिलाच तो आधी दिसला. सगळ्यात वरच्या रांगेत, एकटा.

कठडा धरत, लंगडत ती पायऱ्या चढू लागली. तो धावत अर्ध्यावर खाली आला.

"बेंचवर का नव्हतात?"

"बसलो असतो तर तोंडातून 'डावीकडून' निघून गेलं असतं. आणि गप्प राहिलो असतो तर माझ्याच मुलींना फसवल्यासारखं झालं असतं. सकाळी आमच्या मोठ्या सरांना सांगितलं, आज मला नका बसवू."

"काय कारण दिलंत?"

तो पायरीकडे बघत राहिला. "खरं तेच. म्हटलं... समोरच्या टीमच्या सेंटरवर माझं प्रेम आहे."

देवश्रीच्या कानांच्या पाळ्या तापल्या. "मग? सर काय म्हणाले?"

"म्हणाले, मग वर जाऊन बस."

तिला हसू आलं, आणि त्या हसण्यातच डोळे भरून आले. ती तिथेच पायरीवर टेकली.

"खाली जा, यशोधन. तुझ्या मुली शोधून राहिल्यात तुला."

"आणि तू?"

"मी आहे इथेच. निवांत ये."

तो गेला. खाली त्याच्याभोवती मुलींचा गराडा पडला, कोणीतरी त्याच्या हातात कप दिला. देवश्रीने नी-कॅप काढली, दुखरा पाय पुढच्या पायरीवर लांब केला, आणि आयुष्यात पहिल्यांदाच दुसऱ्या कोणाचं जिंकणं मन भरून बघत बसली.