एका सुताचं अंतर

ते कपाट मी आधी पाहिलं होतं. हे मी वडगावच्या कोर्टात उभी राहूनही सांगेन.

लोणावळ्याजवळ तुंगार्लीतला एक जुना बंगला पाडायला काढला होता आणि ठेकेदाराचा माणूस, प्रदीप, आतलं सामान अंगणात मांडून विकत होता. पलंग, आरामखुर्च्या, चौकटीसकट काढलेली दारं... आणि सगळ्यांच्या मागे ते. वर ताटं उभी करायचं ताटाळं, खाली जाळीच्या दारांचं कपाट. बंगल्यातले साहेबलोक याला ड्रेसर म्हणायचे. निळा ऑइलपेंट फासलेला होता, तरी आत सागवान आहे हे मला लांबूनच कळलं. मी ताटाळ्याच्या फळीवर हात ठेवला आणि त्याच वेळी खालच्या दारावर दुसरा एक हात येऊन पडला.

"हे माझं आहे," मी म्हणाले.

"तेच सांगणार होतो. माझं आहे," तो म्हणाला.

उंच, सावळा, बाह्या कोपरापर्यंत दुमडलेल्या आणि बोटांना हळद लागलेली. डोळे हसरे, पण हात काही दारावरून हलेना. माझाही हलेना. शेवटी प्रदीप वैतागला. त्यानं ताटाळं दोन्ही हातांनी उचललं, तर ते अलगद सुटून वर आलं.

"हे बघा, दोन नग आहेत! वरचं मॅडमना, खालचं भाऊंना. मिटलं भांडण."

मिटलं कसलं? तिथूनच सुरू झालं.

मी अम्मारा. लोणावळ्यात आमचं जुन्या फर्निचरचं दुकान आहे आणि रंधा मी अब्बांच्या हाताखाली शिकले. त्यांचे गुडघे आता दुखतात, त्यामुळे दुकान आवरावं असं त्यांच्या मनात घोळत होतं. त्यातच पुण्याचं एक स्थळ आलं. मुलगा चांगला, माणसं चांगली, फक्त त्यांचं एकच म्हणणं होतं. लग्नानंतर हे सुतारकाम नको.

"एक नग मी एकटीनं पुरा करून दाखवते," मी अब्बांना म्हणाले. "जमला, तर मी हेच काम करणार, आणि ज्यांना ते चालेल त्यांच्याच घरात जाणार. नाही जमला, तर तुम्ही म्हणाल तसं."

"पावसाळा संपेपर्यंत," अब्बा म्हणाले. ते शब्दाचे पक्के आहेत आणि मीही त्यांचीच मुलगी आहे.

तो नग म्हणजे हे कपाट. आणि त्याचा खालचा अर्धा भाग, प्रदीपनं सांगितलं तसा, भाजे गावातल्या एका खानावळीत जाऊन बसला होता!

शुक्रवारी दुकान बंद असतं. मी लोकल पकडली, मळवलीला उतरले आणि भर पावसात चालत भाज्याला पोहोचले. खानावळ शोधायला वेळ लागला नाही, चुलीवरच्या भाकरीचा वास रस्त्यापर्यंत येत होता. हळदीच्या बोटांच्या त्या माणसाचं नाव याह्या. तो आणि त्याची आई, शहनाज खाला, दोघं मिळून ती चालवत.

"खालचं कपाट विकणार का?" मी छत्री मिटायच्या आधीच विचारलं.

"नाही," तो म्हणाला. "जेवणार का?"

जेवताना खालांनी कारण सांगितलं. त्या बंगल्यात त्या स्वयंपाकाला होत्या. "मी भाकऱ्या थापायची, अन् ह्यो ह्या खालच्या फळीवर निजायचा. लय गुणी. दार उघडं ठिवलं की रडायचा न्हाई."

"अम्मी!" याह्याचे कान लाल झाले. मला हसू आवरेना, पण राग आला तो वेगळाच. असं कारण असल्यावर भांडणार तरी कसं?

पुढच्या शुक्रवारी मी पुन्हा गेले. आणि त्याच्या पुढच्याही.

"विकणार का?"

"नाही. बसा."

हळूहळू तो मला प्रश्न विचारायला लागला. मी कपाटाशेजारी जमिनीवर बसून सांगत राहायचे. खालच्या दाराला जाळी का, तर दूध-लोण्याला वारा लागावा आणि माशी बसू नये. पायांना पाण्याचे डाग का, तर मुंग्या चढू नयेत म्हणून पाय पाण्याच्या वाट्यांत ठेवायचे. ताटाळ्याच्या फळीला लांबलचक खाच, म्हणजे उभं ताट घसरत नाही. कडेचे आकडे कपांसाठी.

"आणि पुढे?" त्यानं विचारलं.

"पुढे फ्रीज आला आणि जाळी गेली. जाळीच्या जागी काच आली, मग सनमायका, आणि आता मॉड्युलर. आता सगळं दाराआड. घरात किती ताटं आहेत ते पाहुण्याला कळतच नाही."

"आमच्याकडे कळतं," तो चुलीतलं लाकूड सारत म्हणाला. "शुक्रवारी एक ताट जास्त असतं."

मी उगाच जाळीचं दार उघडून मिटलं.

त्या दिवशी मी त्याला पुण्याचं सगळं सांगितलं. अब्बांना दिलेला शब्दही सांगितला.

"विकणार नाही," तो म्हणाला. "पण ते पुरं कर. इथे येऊन कर, हवा तेवढा वेळ. मला कपाट हवंय, तुझं काम बंद पडायला नकोय."

'तुम्ही'चं 'तू' कधी झालं, ते आम्हा दोघांच्याही लक्षात आलं नाही.

मी कामाला लागले. निळ्याखाली हिरवा रंग निघाला, हिरव्याखाली पांढरा आणि त्याखाली मधाच्या रंगाचं सागवान. खालचा भाग मी भाज्याला घासला, वरचा आमच्या दुकानामागच्या पत्र्याच्या शेडमध्ये. ताटाळ्याच्या बाजू खालून कुजल्या होत्या, तिथे नवं लाकूड जोडलं. खालच्या कपाटाच्या माथ्यावर ताटाळं बसायची खाच असते. ती काटेकोर मोजली आणि तेवढंच लाकूड कापलं. मला सांधा असा हवा होता, की मधून कागद जाऊ नये.

पाऊस ओसरायला लागला तेव्हा ताटाळं टेम्पोत घालून भाज्याला नेलं. अब्बाही आले. मी आणि याह्यानं ते उचललं, खाचेवर धरलं, सोडलं...

बसलं नाही.

एक सूत. इंचाचा आठवा भाग! तेवढंच लाकूड जास्त होतं.

"थोडं घासून टाक ना," याह्या हळूच म्हणाला.

मी रंधा हातात घेतला आणि थांबले. चूक माझ्या मापात नव्हतीच. शेडच्या ओलीत ताटाळं फुगलं होतं. इथे चुलीच्या उबेला कपाट वाळून आक्रसलं होतं. लोणावळ्याची सुतारीण असून घाईत मी हेच विसरले होते.

"नाही घासायचं," मी म्हणाले. "आत्ता घासलं तर उन्हाळ्यात डुगडुगेल. दोन्ही एका छपराखाली राहू देत. मग बसेल."

"पावसाळा संपत आला बेटा," अब्बा म्हणाले. "पुण्याची मंडळी पुढच्या आठवड्यातल्या रविवारी येतायत."

"संपत आलाय. संपलेला नाही."

ताटाळं मी तिथेच ठेवून आले. आता रोज संध्याकाळी लोकल. दुसऱ्या दिवशी गेले तर स्वयंपाकघरात चूलच नव्हती.

"मागच्या पडवीत हलवली," याह्या म्हणाला. "ताटाळं वाळेपर्यंत कपाटानंही थोडी ओल खायला नको का?"

"आन् माझी भाकरी आता वाऱ्यावर भाजती," खाला कुरकुरल्या, पण हसत होत्या.

मी वळून भिंतीकडे पाहत राहिले, कारण डोळे भरून आले होते. इतके दिवस एक फळीसुद्धा न सोडणाऱ्या माणसानं चूल हलवली होती. तेव्हाच मला कळलं की मी शुक्रवारी कपाटासाठी येत नव्हते.

त्या रविवारी सकाळी अब्बांना घेऊन निघाले. पुण्याची मंडळी दुपारी यायची होती. भाज्याला पोहोचलो, आणि कोणाशी न बोलता मी आणि याह्यानं ताटाळं उचललं. खाचेवर धरलं.

खट्.

अब्बा पुढे आले. सांध्यावरून अंगठा फिरवला. मग खिशातलं लोकलचं तिकीट काढून फटीत सारून पाहिलं. गेलं नाही. दुसऱ्या बाजूनं पाहिलं, तिकडूनही गेलं नाही. त्यांनी तिकीट खिशात ठेवलं, फोन काढला आणि पुण्याला लावला.

"माफ करा, आज येऊ नका. मुलगी काम सोडणार नाही. हो... माझंही तेच म्हणणं आहे."

फोनवर बोलत ते अंगणात गेले. स्वयंपाकघरात आम्ही दोघंच उरलो.

"खालचं कपाट विकणार का?" मी विचारलं.

"नाही."

"मग वरचंही इथेच राहील. पण ते माझं आहे, लक्षात ठेव."

"चल, एक दाखवायचंय." त्यानं शेजारच्या खोलीचं दार उघडलं. तिथे चुलीचं सरपण असायचं. आता खोली रिकामी होती, झाडलेली, आणि खिडकीखाली एक भक्कम टेबल होतं. "सरपण चुलीबरोबर मागे गेलं. ही खोली कोरडी आहे, उजेडही आहे. तुझा रंधा इथे... म्हणजे, तुला पटलं तर. अम्मारा, मला तू हवी आहेस. तुझ्या कामासकट." तो अडखळला. "मी अब्बांशी बोलू?"

"मी बोललेय. आत्ता, येताना."

"लोणावळा ते मळवली? एका स्टेशनात?"

"पुरलं तेवढं."

"मग... काय म्हणाले?"

"म्हणाले, आधी सांधा बघू."

तो खळखळून हसला. बाहेरून खालांनी जेवायला हाक मारली. याह्यानं धुतलेली ताटं आधी ताटाळ्याच्या खाचेत उभी केली, मग त्यातूनच चार काढली, अब्बांचं आणि खालांचं वाढून दिलं आणि आमची दोन मांडली. आजवर तो नेहमी माझ्या समोर बसायचा. त्या दिवशी शेजारी बसला.