मामाची डावी बाजू

मुलांनो, कल्पना करा… तुमचा एक हात गाढ झोपलाय. बोटं मिटतात, उघडतात. पण धरलेलं मऊ की कडक, काही म्हणजे काही कळत नाही. आता त्याच हाताने क्रीमचा केक उचलून द्या बरं!

एका बेकरीवाल्याचा डावा हात असाच होता – कृत्रिम. एकदा काउंटरवर आलेल्या तरुणीच्या केकचा त्याने पार चेंदामेंदा केला.

"केक मागितला होता, चटणी नव्हे!" ती हसली.

तो कानांपर्यंत लाल. "दुसरा देतो… उजव्या हाताने."

"अहो, हाताला कळतच नाही तर तो बिचारा काय करणार? मी असेच हात दुरुस्त करते. उद्या माझ्या कार्यशाळेत या."

तो गेला. सोबत छोटी भाची, नेहमीसारखी त्याच्या उजवीकडे. त्या कृत्रिम बोटांत एकदा तिचं बोट चिमटलं होतं. तेव्हापासून ती मामाच्या डाव्या बाजूला फिरकत नसे, आणि ती जवळ असली की मामा तो हात खिशातून काढत नसे.

तरुणीने त्या कृत्रिम बोटांच्या टोकांना दाब ओळखणाऱ्या चकत्या लावल्या, दंडावर पट्टा बांधला. "हलकं धरलंत तर पट्टा गुदगुल्या करेल. दाबलंत तर धडधडेल."

डोळे मिटून केक उचलायचा सराव सुरू झाला. चेपलेले केक भाचीच्या पोटात गेले. हळूहळू हात शिकला… पण मामाचं येणं काही थांबेना!

एका संध्याकाळी ती पट्टा आवळत होती. तिचे केस त्याच्या खांद्यावर आले.

"अहो… हातात काही नाही, तरी दंड थरथरतोय. पट्टा बिघडला वाटतं."

तिने ओठ दाबून हसू आवरलं. "बिघडेल कसा? अजून चालूच केला नाहीये."

भाची खुदकन हसली.

तरुणीने बटण दाबलं आणि आपला हात पुढे केला. "धरा."

"नको… हिचं बोट आठवतं. तुम्हाला लागलं तर?"

"तर ओरडेन. जन्मभर ओरडायची तयारी आहे माझी… तुमची ऐकायची आहे का?"

त्याने हात धरला. मांडीवरचं मांजर घुरघुरावं तसा पट्टा दंडावर हळूच गुदगुल्या करू लागला.

"लागतंय?"

"सोडा म्हणाले का मी?"

भाची स्टुलावरून उतरली. मामाला वळसा घालून डावीकडे आली, आणि ते चिमटलेलं बोट पुढे करून म्हणाली, "आता माझी पाळी. हळू हं, मामा!"