वर्षअखेरचा रोस्ट

ओव्हनचं दार उघडलं आणि वासाचा लोट अंगावर आला, तशी उल्काने डोळे मिटून घेतले. पदर असता तर नाकाला लावला असता, पण अंगात होता स्वेटर! बरगड्यांसकट आणलेला गोमांसाचा तो भलामोठा तुकडा ट्रेमध्ये चुरचुरत होता. सांगलीच्या देवघरासमोर लहानाची मोठी झालेली उल्का एदोगावा इथल्या आपल्या स्वयंपाकघरात गोमांस भाजत होती... आणि तेही कुणासाठी? ज्यांनी आयुष्यभर तिच्याशी मोजकंच बोलावं, त्या सासऱ्यांसाठी!

थकली होती ती. नवरा माकोतो गेल्यापासून या घरात ती आणि सासरे, दोघंच उरले होते. लेक अनया नोकरीसाठी नागोयात. सासऱ्यांना ती इथल्या जपानी रीतीने ओतोसान, म्हणजे बाबा, म्हणे, आणि ओतोसाननी हळूहळू जेवणच सोडलं होतं. सकाळी मऊ भाताची पेज, संध्याकाळी पेज, आणि वाटी जशीच्या तशी परत... शेवटी नणंद रेइको म्हणाली, "वहिनी, ते खात नसतील तर नव्या वर्षात मी त्यांना वृद्धाश्रमात ठेवते. तुम्ही तरी एकट्या किती करणार?" ते ऐकून उल्काला क्षणभर सुटल्यासारखं वाटलं, आणि लगेच त्या सुटकेची मेल्याहून मेल्यासारखी लाज वाटली. जाताना माकोतोने तिचा हात धरून एवढंच तर मागितलं होतं, बाबांना या घरातून जाऊ देऊ नकोस!

"आजोबा पूर्वी वर्षअखेरीला स्वतः रिब रोस्ट करायचे म्हणे," अनया फोनवर म्हणाली. "बाबा सांगायचे."

"मग मी करते."

"बीफ? आई, तू? दाइजोबु? बरी आहेस ना?"

"बरी नसून सांगते कुणाला!" उल्काने फोन ठेवला.

तो रोस्ट तिला ठाऊक होता. नवी नवरी असताना, पहिल्याच हिवाळ्यात, ओतोसाननी मोठ्या हौसेने तो केला होता. त्या वासाने तिला भडभडून आलं, आणि ती एक शब्द न बोलता बाल्कनीत जाऊन थंडीत उभी राहिली, पार बोटं बधिर होईपर्यंत. परतली तेव्हा ट्रे धुऊन झाला होता आणि ओतोसान तिच्याकडे पाठ करून बसले होते. त्यानंतर त्यांनी ओव्हनला हात लावला नाही. सुनेने आपला अपमान केला ही अढी त्यांच्या मनात बसली ती बसलीच, असं उल्का तेव्हापासून धरून चालली होती.

मांस विकणाऱ्याने बजावलं होतं, आत गुलाबीच राहू द्या, बाहेर काढल्यावर झाकून ठेवा, घाई करू नका. मिठाचं काय? चाखणार कशी? पण नैवेद्याचा स्वयंपाक न चाखता करायची तिला सवय होती, तीच इथे उपयोगी पडली. 'देवा, हसू नकोस,' ती मनात म्हणाली. मात्र सुरी टोचून पाहिली तर लाल रस आला. अगं बाई, कच्चंच! तिने तुकडा पुन्हा आत ढकलला. पुन्हा लाल, पुन्हा आत. भाजी असो की मटण, कच्चं वाढायचं नाही हे तिच्या हाडीमाशी भिनलेलं. अखेर बाहेर आला तो करडा, कोरडा गोळा! करायला गेली गणपती आणि झाला मारुती... खुर्चीत बसून ती लहान मुलीसारखी रडली.

ओतोसान काठी टेकत दारात आले. त्यांनी रोस्टकडे पाहिलंच नाही. ते ट्रेकडे पाहत राहिले.

"हा कुठे सापडला, उरुका-सान?" तिच्या नावातला जोडाक्षराचा अडसर त्यांनी कधी ओलांडला नव्हता.

"कपाटात, वर्तमानपत्रात गुंडाळलेला... ओतोसान, मला क्षमा करा. त्या दिवशी मी तुमचा मान राखला नाही. आणि आज हे असं चामडं करून ठेवलं!"

म्हातारा खुर्चीत बसला. एक चकती दातांखाली बराच वेळ फिरवून त्यांनी कशीबशी गिळली.

"चामडंच आहे," ते म्हणाले. मग त्यांनी काठी मांडीवर आडवी ठेवली. "तू बाल्कनीत रडत होतीस. आई-बाप, देश सोडून आलेली पोर आमच्या घरात माझ्यामुळे रडते! तेव्हाच म्हटलं, हा वास पुन्हा या घरात नको. तोंड दाखवायची लाज वाटली, म्हणून पाठ केली."

ज्याला उल्का आयुष्यभर राग समजली, ते वात्सल्य होतं...!

"मग तुम्ही जेवण का सोडलंत?"

"माकोतो गेला आणि तो तुझा वासही गेला. तो पिवळा... तुपात तडतडणारा. घरात आता कशाचाच वास येत नाही. वाटलं, मुलगा गेल्यावर सुनेने माझ्यासाठी का म्हणून करावं?"

फोडणी! हिंगाचा वास म्हाताऱ्याने लेकासाठी सोसला असेल, आता कशाला छळायचं, म्हणून उल्कानेच फोडणीची पळी मागे सारली होती. पेज त्यांच्यासाठी, आणि स्वतःसाठीही तीच पेज!

तिने डोळे पुसले नाहीत. डाळ शिजायला लावली, तूप तापवलं. मोहरी तडतडली, जिरं, हिंग, हळद... रोस्टच्या वासात हिंगाचा वास मिसळून असा काही भयंकर प्रकार झाला, की दोघंही हसली. ओतोसाननी वरण-भात खाल्ला, सावकाश, मान खाली घालून. रेइकोचा फोन वाजत होता. वाजू दे म्हणावं, उल्का जागची हलली नाही.

वाटी रिकामी झाली. ती परत घ्यायला तिने थकलेला हात पुढे केला, पण त्यांनी वाटी सोडली नाही.

"ओकावारी," ते म्हणाले. आणखी वाढ.